पावसात सायकल घसरते ती टायरच्या नक्षीअभावी नव्हे

गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतो आणि म्हणून सायकल घसरते, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. मोटारीच्या बाबतीत तो खरा आहे, कारण तिच्या रुंद, सपाट टायरखालचे पाणी बाहेर काढायला खाचा लागतात. सायकलचा टायर मात्र अरुंद आणि गोलसर असून त्याचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम अंगठ्याएवढा असतो, त्यामुळे पाणी आपोआप बाजूला सरते. १९६०च्या दशकात नासाने विमानांच्या टायरांसाठी मांडलेल्या सूत्रानुसार टायर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबावर ठरतो. ६० पौंड दाबाला तो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. उलट, डांबरावर जाड गोट्यांच्या, म्हणजे रबराचे उंचवटे असलेल्या टायरचे कमीच रबर टेकते. गोट्या कामी येतात त्या चिखलात.

मग माणसे पडतात कशाने? पहिल्या पावसात धूळ आणि सांडलेले ऑइल मिसळून होणाऱ्या बुळबुळीत थराने, झेब्रा पट्ट्यांच्या रंगाने आणि गटाराच्या लोखंडी झाकणांनी. वळणावर सायकल कललेली असताना चाक अशा झाकणावर आले आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबला गेला, तर पुढचे चाक सरकते आणि सावरायला वेळच उरत नाही. म्हणून ब्रेक वळणाआधीच, सायकल सरळ असताना लावावा, झाकण सरळ रेषेत ओलांडावे आणि टायरमधली हवा किंचित कमी ठेवावी. नवा नक्षीदार टायर घेऊन यातले काहीही टळत नाही.