सुरकुत्यांच्या आधी डोळ्यांसाठी आलेलं औषध

कोरेगाव पार्क असो की औंध, त्वचेच्या दवाखान्याबाहेर 'बोटॉक्स' लिहिलेली पाटी आता कुणाला नवी वाटत नाही. लग्नसराई जवळ आली की नवरीसोबत तिची आई, मावशीही चौकशी करून येतात. पण हे इंजेक्शन मुळात सुरकुत्यांसाठी आलेलंच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोतले नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय काही करता येईल का, याच्या शोधात होते. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता त्यानंतर, 2002 मध्ये आली.

बोटॉक्स म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं विष. नीट न टिकवलेल्या अन्नातून ते पोटात गेलं, तर श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात. मज्जातंतू स्नायूला 'आकुंचन पाव' हा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनातून देतो. विष मज्जातंतूच्या टोकात शिरतं आणि ते रसायन बाहेर सोडायला लागणारं स्नॅप-25 हे प्रथिन तोडतं. निरोप पोचत नाही, स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. त्यामुळे 'कायमचा उपाय' असं कुणी सांगितलं, तर तिथून उठलेलं बरं.

पापण्यांच्या विकारात माणसाची नजर शाबूत असते, पण डोळेच उघडत नाहीत. लक्ष्मी रोड ओलांडताना मध्येच डोळे मिटले तर काय होईल, याचा विचार करा. अशा माणसाला पापण्यांभोवतीच्या काही टोचण्यांनी पुन्हा एकट्यानं बाहेर पडता येतं. मला या औषधाचं खरं मोल इथे दिसतं. पक्षाघातानंतर घट्ट मिटलेली मूठ, सेरेब्रल पाल्सीमुळे टाचा न टेकवता चालणारी मुलं, वाकडी झालेली मान, काखेतला अतिघाम, जुनाट मायग्रेन, सगळीकडे ते वापरतात. मूठ सैल झाली, की त्या काही महिन्यांत फिजिओथेरपी नेटानं करावी लागते. नुसत्या सुईवर भागत नाही.

बाटली हातात घेतली, तर ती रिकामीच वाटते. तळाशी जेमतेम दिसेल असा पांढुरका थर असतो. त्यात सलाईन घालून बाटली हलकेच फिरवतात. मात्रा युनिटमध्ये मोजतात: भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचे साधारण 20, जुनाट मायग्रेनसाठी 155, तेही डोक्या-मानेवर 31 ठिकाणी वाटून. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचं नसतं. म्हणून 'इतके युनिट दिले' एवढं पुरत नाही, कशाचे ते विचारायला हवं.

2004 मध्ये फ्लोरिडात माणसांसाठी नसलेलं, प्रयोगशाळेतलं विष टोचल्यानं चार जणांना गंभीर बोट्युलिझम, म्हणजे या विषानं स्नायू लुळे पडण्याचा आजार, झाला. त्यात टोचणारा डॉक्टरही होता. मान्यताप्राप्त औषध योग्य मात्रेत आणि स्नायूंची रचना जाणणाऱ्या डॉक्टरकडून घेतलं, तर सहसा सूज, निळसर डाग, डोकेदुखी एवढंच होतं. कधी पापणी लोंबते, ती काही आठवड्यांत सावरते. पार्लरमध्ये किंवा घरी बोलावून हे टोचून घेणं मात्र साफ चूक आहे, ते कितीही स्वस्तात मिळो.

बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा. ब्रँड, बॅच नंबर, मुदत आणि दिलेले युनिट कागदावर लिहून घ्या. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, गरोदर असाल किंवा जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील, तर आधीच सांगा. नंतर काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही गिळताना अडकू लागलं, आवाज बदलला, एकाचे दोन दिसू लागले किंवा दम लागला, तर दवाखाना उघडायची वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि तो कागद सोबत न्या.