‘जे मोजता येत नाही ते मॅनेज करता येत नाही’ : डेमिंग असं म्हणालेच नव्हते

मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये हे वाक्य हमखास अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावावर खपवलं जातं. प्रत्यक्षात १९९३ मध्ये त्यांनी नेमकं उलट लिहिलं: असं मानणं चूक आहे, हा महागात पडणारा गैरसमज आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीला किती कास्टिंग (धातू ओतून केलेले भाग) निघाली, किती रिजेक्ट झाली, हे मोजायलाच हवं. पण समजा, साखर कारखान्याच्या ऊसबिलात एकच वजनपावती दोनदा धरली जातेय. प्रोग्रामर दोन दिवस नुसता स्क्रीनकडे बघत बसतो, काट्यावरच्या माणसाला चार प्रश्न विचारतो आणि शेवटी प्रोग्रामच्या ४० ओळी खोडतो. बिल बरोबर निघतं. ओळी मोजणाऱ्या साहेबांच्या तक्त्यात मात्र गडी उणे ४०! उद्या इन्क्रिमेंट ओळींवर ठरलं तर पोरं ओळीच वाढवणार. त्यांचं काय चुकलं?

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९९९ मध्ये ज्ञानकामगारांच्या, म्हणजे डोक्यानं काम करणाऱ्यांच्या, उत्पादकतेबद्दल लिहिताना पहिला प्रश्न ठेवला, मुळात काम काय आहे? आणि तो विचारायचा काम करणाऱ्यालाच. विचारून बघा, कुठली मीटिंग आणि कुठला रिपोर्ट बंद करायचा, याची यादी तयारच असते.