ब्रेक ऑइलचा प्रकार बदलणे आणि मऊ पेडल

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पायाचा दाब मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवाला गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, या गुणावर ही यंत्रणा उभी आहे. नळीत हवा किंवा वाफ शिरली की ती दाबली जाते, पाय खोल जातो आणि पेडल मऊ लागते.

कोल्हापुरातून कोकणात जायचे तर घाट चुकत नाही: गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, रत्नागिरीच्या रस्त्यावरचा आंबा, राधानगरीपलीकडचा फोंडा. त्यात पावसाळा दमट, आणि प्रचलित ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथरचे असल्यामुळे हवेतले पाणी शोषते. ब्रेक ऑइलचा दर्जा ‘डॉट’ क्रमांकाने सांगतात. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६०. साधारण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर या मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. ऑइल जुने असताना ओझ्याने भरलेली गाडी ब्रेकवरच घाट उतरवली तर कॅलिपरमध्ये (चाकाची डिस्क पकडणाऱ्या भागात) वाफ धरते. पेडल अचानक खाली जाते, आणि गाडी तासभर थांबवली की पुन्हा ठीक वाटते. ठीक वाटले तरी ते ऑइल ताबडतोब बदलले पाहिजे. उतारावर खालचा गिअर वापरणे हा उपाय तर कोणत्याही डब्यातल्या ऑइलपेक्षा मोठा.

वरच्या दर्जाचे ऑइल भरून बरा होणारा मऊपणा हा एवढाच. बाकीची कारणे ऑइलच्या प्रकाराशी संबंधित नाहीत, आणि तरीही ‘डॉट बदला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. चार-पाच वेळा पंप केल्यावर पेडल वर येऊन घट्ट झाले तर हवा राहिली असावी, किंवा मागच्या ड्रम ब्रेकच्या लायनरचे अंतर वाढले असावे. पाय स्थिर दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल तर बाहेर गळती शोधावी. चाकांच्या आतली बाजू आणि बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) सांधा कोरडे असतील तर मास्टर सिलिंडरचे रबर कप गेले समजावे. जुना रबर होज दाबाखाली फुगतो. एकाने पेडल दाबून दुसऱ्याने होज हाताने चाचपला की ते कळते. कॅलिपर डावा-उजवा बदलून बसला तर ब्लीड निप्पल (हवा आणि ऑइल बाहेर काढायचे तोंड) खाली जातो आणि कितीही ब्लीडिंग केले, म्हणजे त्यातून ऑइल सोडून हवा काढली, तरी वरची हवा निघत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पंप करावे, मग पाय ठेवून इंजिन सुरू करावे: पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे, तो दोष नव्हे.

डॉट ३ च्या जागी डॉट ४ किंवा ५.१ चालते, कारण तिन्ही एकमेकांत मिसळतात. जुने ऑइल मात्र ब्लीड करून पूर्ण काढावे. डॉट ५ वेगळे, सिलिकोनचे, बहुधा जांभळे. ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, पाणी शोषत नाही; आत शिरलेले पाणी खोलगट जागी साचून गंज धरते. त्यात हवेचे बारीक बुडबुडे सहज अडकतात, म्हणून एबीएसच्या (चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या) गाडीत ते घालू नये. ५ आणि ५.१ या आकड्यांमधला गोंधळ खरोखर महागात पडतो. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल चुकून ब्रेक ऑइलच्या टाकीत गेले तर रबर फुगते. तेव्हा नुसते ब्लीडिंग पुरत नाही, सगळे सील आणि होज बदलावे लागतात.

ऑइल साधारण दोन वर्षांनी, सीलबंद डब्यातलेच भरावे. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. ब्लीडिंगचा क्रम बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून धरतात, पण कंपनीचे पुस्तक वेगळे सांगत असेल तर तेच पाळावे. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबत राहू नये: सिलिंडरच्या न वापरलेल्या गंजक्या भागावर कप घासून फाटतात. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली तर काही गाड्यांत स्कॅनर लावून व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय ती बाहेर येत नाही.