वर्डमधला एक्सेल तक्ता: वर चित्र, आत फाइल

वर्डच्या अहवालात एक्सेलचा तक्ता टाकायचा आणि एक्सेलमध्ये आकडा बदलला की अहवालातही बदलायचा, ही सोय विंडोजवर टप्प्याटप्प्याने आली. १९८७ च्या विंडोज २.० मध्ये डीडीई (डायनॅमिक डेटा एक्स्चेंज) आलं. त्यात दोन प्रोग्रॅम एकमेकांना आकडे पाठवत, पण त्यासाठी दोन्ही चालू असावे लागत.

१९९० मध्ये आलेल्या ओएलईने (ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग) खरा बदल केला. वर्डच्या फाइलमध्ये दोन गोष्टी साठू लागल्या: तक्त्याचं चित्र आणि एक्सेलचा मूळ डेटा. एक्सेल नसलेल्या संगणकावरही चित्र दिसे. डबल-क्लिक केलं की एक्सेल उघडे. १९९३ च्या ओएलई २ पासून वेगळी खिडकी न उघडता तक्ता वर्डमध्येच दुरुस्त करता येऊ लागला. ॲपल, आयबीएम वगैरेंनी ओपनडॉक हा पर्याय पुढे आणला होता. ॲपलने १९९७ मध्ये तो सोडून दिला.

आजच्या बहुतेक अडचणी या चित्र-डेटा जोडीतून येतात. वर्डच्या डॉक्सएक्स फाइलची प्रत काढा, एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. ‘वर्ड’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’त चित्र आणि ‘एम्बेडिंग्ज’मध्ये वर्कबुक, म्हणजे एक्सेलची फाइल, सापडेल. दहा ओळीच दिसत असल्या, तरी आत अख्खं वर्कबुक असतं, पगाराच्या शीटसकट. बाहेर पाठवायच्या अहवालात म्हणूनच पेस्ट स्पेशलमधून तक्ता चित्र म्हणूनच टाकावा. मराठी तक्त्यांना आणखी एक त्रास होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला तक्ता असेल, तर चित्रात अक्षरांचे आकार नसून बहुधा फॉन्टचं नाव असतं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो.

लिंकची, म्हणजे तक्ता आत न साठवता मूळ एक्सेल फाइलशी जोडण्याची, गोष्ट वेगळी. तिथे आत फक्त चित्र आणि मूळ फाइलचा पूर्ण पत्ता राहतो. फोल्डर हलवला किंवा फाइल ईमेलने पाठवली की लिंक तुटते, पण जुनं चित्र तसंच दिसत राहतं. हे सगळ्यात घातक, कारण आकडे शिळे आहेत हे कळतच नाही. आल्ट आणि एफ९ दाबून पत्ता बघा. फाइल, इन्फो, एडिट लिंक्स टू फाइल्स इथे जाऊन चेंज सोर्सने तो दुरुस्त करा. अहवाल अंतिम झाल्यावर तिथेच ब्रेक लिंक करा.

या सोयीचा गैरवापरही झाला. डीडीईतून घातक आज्ञा चालवल्या जाऊ लागल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्डमधलं डीडीई मुळातच बंद ठेवलं. अनोळखी फाइल उघडताना लिंक अपडेट करायची का असं वर्डने विचारलं, तर ‘नाही’ म्हणा.