वेबजीएलमध्ये कंपन्यांची एक्स्टेन्शन्स आणि ईटीसी२ चा वाद: पार्श्वभूमी

ओपनजीएल ईएस ३.० या मोबाइलच्या ग्राफिक्स मानकात ईटीसी२ हा टेक्स्चर फॉरमॅट, म्हणजे थ्रीडी वस्तूंवर चढवायची चित्रं दाबून साठवण्याची पद्धत, सक्तीचा आहे; मग त्याच ईएस ३.० वर उभ्या असलेल्या वेबजीएल २ मध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या थ्रीडीच्या मानकात, तो ऐच्छिक का? वेबवर थ्रीडीचं काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर एक्स्टेन्शन्सच्या, म्हणजे मानकाच्या गाभ्याबाहेरच्या जोडसोयींच्या, इतिहासात आहे.

सुरुवातीचा भाग थोडक्यात सांगता येतो. १९९२ पासून ओपनजीएल या मूळ ग्राफिक्स मानकात ग्राफिक्स कार्ड बनवणारी कोणतीही कंपनी आपली नवी सोय एक्स्टेन्शन म्हणून आणू शकत होती. नावात कंपनीची अक्षरं असायची: एनव्ही, एटीआय, एसजीआयएस. अनेकांनी मिळून ठरवलं तर ईएक्सटी, सर्वमान्य झालं तर एआरबी. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, सगळी नावं एकाच लांबलचक ओळीत द्यायचा. काही जुन्या गेम्सनी ती ओळ ठरावीक आकाराच्या बफरमध्ये कॉपी केली होती. नव्या कार्डांबरोबर ओळ लांबत गेली आणि ते गेम्स सुरू होतानाच कोसळू लागले. २००८ च्या ३.० आवृत्तीत एकेक नाव क्रमांकाने मागायची सोय झाली. दुसरी अडचण मात्र तशीच राहिली. ड्रायव्हरमध्ये एक्स्टेन्शन असलं की ते न मागताच चालू असायचं. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या मशीनवर प्रोग्राम बिनतक्रार चालायचा आणि आपण एका कंपनीच्या सोयीवर विसंबलो आहोत, हे त्याच्या लक्षातही यायचं नाही.

वेबजीएल १.० मार्च २०११ मध्ये आलं ते नेमका हा दोष टाळून. इथे गेट-एक्स्टेन्शन बोलावून एक्स्टेन्शन नावानिशी मागावं लागतं. मागितलं नाही तर हार्डवेअरमध्ये सोय असूनही ती बंदच. न मागता एसथ्रीटीसी या दाबलेल्या फॉरमॅटचं टेक्स्चर चढवायला गेलात तर एरर मिळते, मग कार्ड कितीही भारी असो. माझ्या मते या मानकातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. एखादी सोय सगळीकडे मिळणार नाही, हे लिहिणाऱ्याला कोड लिहितानाच कळतं.

नियम पूर्ण घट्ट बसला नाही, हेही खरं. फ्लोट, म्हणजे दशांश संख्या साठवणाऱ्या, टेक्स्चरचं एक्स्टेन्शन मागितलं की त्या टेक्स्चरमध्ये रेंडर करण्याची, म्हणजे चित्र काढण्याची, मुभाही आपोआप मिळत होती. पुढे त्या मुभेसाठी वेगळं एक्स्टेन्शन आलं, पण तोवर कितीतरी पानं जुन्या वागणुकीवर उभी होती. म्हणून पहिलं मागितलं की दुसरं गुपचूप चालू करण्याची पद्धत ठेवावी लागली.

ब्राउझरांच्या प्रीफिक्सचा, म्हणजे नावाआधी लावायच्या अक्षरांचा, प्रकारही याच काळातला. मसुद्यातली एक्स्टेन्शन्स ब्राउझर स्वतःचा प्रीफिक्स लावून बाहेर सोडत. त्यामुळे अॅनिसोट्रॉपिक फिल्टर (तिरक्या पृष्ठभागावरचं टेक्स्चर स्पष्ट दाखवणारा) हवा असला तर कोडमध्ये आधी साध्या नावाने विचारायचं, मग ‘मोझ’ लावून, मग ‘वेबकिट’ लावून, असा तीन पायऱ्यांचा तुकडा सगळीकडे चिकटवला जायचा. मसुदा बदलला तरी प्रीफिक्सवालं नाव काढता येत नसे, कारण त्यावर चालणारी पानं मोडली असती. पानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये याच वाटेने मोठा गुंता झाला होता. वेबजीएलने तो वेळीच आवरला: मसुद्यातलं एक्स्टेन्शन फक्त फ्लॅगमागे (मुद्दाम चालू करायच्या सेटिंगमागे), प्रीफिक्सशिवाय; मान्यता मिळाली की सर्वांसाठी खुलं. प्रस्ताव, मसुदा, समुदायमान्य आणि अधिकृत मंजुरी अशा चार पायऱ्या ठरल्या.

खरा पेच कॉम्प्रेस्ड, म्हणजे दाबलेल्या, टेक्स्चरचा, कारण तिथे फरक सिलिकॉनमध्ये, म्हणजे चिपमध्येच होता. डेस्कटॉपची कार्डं एसथ्रीटीसी वाचत. आयफोनवर पीव्हीआरटीसी, अँड्रॉइडवर प्रामुख्याने ईटीसी१. २०४८ बाय २०४८ चं साधं, न दाबलेलं आरजीबीए टेक्स्चर मेमरीत १६ एमबी घेतं. डीएक्सटी१ या एसथ्रीटीसीच्या प्रकारात तेच २ एमबीत बसतं. पान फोनवर टिकणार की टॅब बंद पडणार, हे या फरकावर ठरतं. वेबजीएल १ ने गाभ्यात एकही कॉम्प्रेस्ड फॉरमॅट ठेवला नाही, प्रत्येकाचं वेगळं एक्स्टेन्शन केलं. शिवाय एसथ्रीटीसीवर पेटंट होतं, ते २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये संपलं.

२०१२ मध्ये ईएस ३.० ने ईटीसी२ सक्तीचा केला तेव्हा वाटलं, प्रश्न मिटला. वेबजीएल २ त्यावरच उभं राहणार असल्याने फॉरमॅट गाभ्यात येणार हे गृहीत होतं. अडचण डेस्कटॉपवर निघाली. तिथल्या ओपनजीएल ४.३ ने सुसंगतीसाठी ईटीसी२ स्वीकारला होता, पण मोजके अपवाद सोडले तर कार्डांना तो वाचताच येत नव्हता. ड्रायव्हर ‘चालतो’ म्हणायचा आणि टेक्स्चर चढवताना ते उलगडून साध्या आरजीबीएत ठेवायचा. विंडोजवर वेबजीएल मायक्रोसॉफ्टच्या ज्या डायरेक्टथ्रीडीवर भाषांतरित होतं, त्यात तर हा फॉरमॅटच नाही, म्हणजे उलगडण्याचं काम ब्राउझरच्याच गळ्यात. परिणाम असा की लिहिणारा २ एमबीचा हिशेब धरून चालायचा, प्रत्यक्षात १६ एमबी जायचे, वर पान उघडताना सीपीयू राबायचा तो वेगळाच.

म्हणून २०१७ च्या जानेवारीत वेबजीएल २ जाहीर होण्याआधीच ईटीसी२ गाभ्यातून काढून एक्स्टेन्शनमध्ये टाकला गेला. त्याच्या नावात आधी ‘ईएस३’ होतं, नंतर ‘ईटीसी’ झालं. हेतू असा की हार्डवेअर हा फॉरमॅट खरोखर वाचतं तिथेच तो दिसावा.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं दुर्लक्ष करण्यासारखं नव्हतं. सगळीकडे चालणारा एक तरी फॉरमॅट हवा, नाहीतर प्रत्येक चित्राच्या तीन-चार आवृत्त्या सर्व्हरवर ठेवाव्या लागतात. मेमरी वाचली नाही तरी डाउनलोड लहान झाला असता. मूळ मानकापासून फारकत घेण्यालाही आक्षेप होता. हे सगळं मान्य केलं, तरी मला काढण्याचा निर्णयच बरोबर वाटतो. मेमरी वाचावी म्हणून जो फॉरमॅट घ्यायचा, तो मेमरी न वाचवता नुसता ‘चालतो’ म्हणत असेल तर लिहिणाऱ्याची फसवणूक होते. सोय नाही असं कळलं तर तो दुसरा मार्ग शोधतो. आहे असं खोटं कळलं तर त्याला टॅब का पडतो हेच समजत नाही.

तो दुसरा मार्ग निघालाही. बेसिस युनिव्हर्सल हे टेक्स्चर दाबण्याचं तंत्र २०१९ मध्ये खुलं झालं. त्यात चित्र एका मधल्या रूपात साठवलं जातं आणि ब्राउझरमध्ये पोहोचल्यावर एसथ्रीटीसी, ईटीसी, एएसटीसी यांपैकी हार्डवेअरला जे चालेल त्यात झटपट बदललं जातं. पुढे केटीएक्स २ या टेक्स्चर साठवण्याच्या फाइलमध्ये आणि जीएलटीएफ या थ्रीडी मॉडेलच्या फॉरमॅटमध्ये त्याला जागा मिळाली. सर्व्हरवर पुन्हा एकच फाइल पुरू लागली.

२०२३ मध्ये ब्राउझरमध्ये आलेल्या वेबजीपीयू या वेबजीएलच्या पुढच्या मानकाने हार्डवेअरमधला फरक आणखी उघड मांडला. डिव्हाइस, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी जोडणी, मागतानाच कोणती फीचर्स हवीत ते सांगायचं. नंतर मागता येत नाही. कॉम्प्रेस्ड टेक्स्चरबाबत सक्ती आहे, पण पर्यायाची: एकतर बीसी, म्हणजे एसथ्रीटीसीचं पुढचं कुटुंब, नाहीतर ईटीसी२ आणि एएसटीसी दोन्ही. पीव्हीआरटीसी या यादीत नाही. जुन्या फोनसाठी केवळ त्यात बांधून ठेवलेली टेक्स्चर्स इथे आणायची असतील, तर ती तशीच चालत नाहीत, उलगडून किंवा मूळ चित्रांपासून नव्याने बांधावी लागतात.