थेंबांआधी लेझर : काचबिंदूच्या उपचाराची पार्श्वभूमी

काचबिंदू म्हटलं की थेंब, तेही जन्मभर, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. म्हणूनच निदान होताच डॉक्टर ‘आधी लेझर करून बघू’ म्हणाले की रुग्ण दचकतो. या सल्ल्यामागे पन्नास वर्षांची खटपट आहे.

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी तयार होतं (अश्रूंशी त्याचा संबंध नाही) आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून ते रक्तात निघून जातं. निचरा मंदावला की दाब वाढतो आणि मागची नस सुकू लागते. गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे सगळी धडपड दाब उतरवण्याची.

पहिला लेझर चालला १९६० साली. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोत मिखाईल क्रास्नोव यांनी रुबी लेझरने जाळीला भोकं पाडून पाहिली. मोरी तुंबली की टोचून मोकळी करतात, तसाच हा विचार. दाब उतरायचा, पण टिकायचा नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत माकडांच्या जाळीवर लेझर मारला, तर दाब उलट वाढला! प्रयोगासाठी काचबिंदू निर्माण करायला पुढे तीच पद्धत वापरली गेली. एवढं होऊनही कुणी पुन्हा जाळीला हात लावला, याचं मला फार मोल वाटतं.

तो हात लावला जेम्स वाइज आणि स्टँटन विटर यांनी. १९७९ मध्ये त्यांनी भोक पाडायचा नाद सोडला आणि आर्गन लेझरने जाळीवर अंतराअंतराने हलके डाग दिले. डाग आकसतो, शेजारची जाळी ताणली जाते, पाण्याला वाट मिळते, अशी त्यांची मांडणी होती. दाब खरंच उतरला. पण टिमोलॉलचे थेंब वर्षभर आधीच अमेरिकेच्या बाजारात आले होते. शिवाय डागांचे व्रण राहत, त्यामुळे हा लेझर पुन्हा पुन्हा करता येत नसे. साहजिकच तो थेंबांच्या मागे पडला.

खरी कलाटणी मार्क लॅटिना यांच्या कामाने मिळाली. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं, की झोत अतिशय क्षणिक ठेवला तर जाळीतल्या फक्त रंगद्रव्य असलेल्या पेशी तो शोषतात आणि शेजारच्या भाजत नाहीत. आर्गनचा ठिपका सेकंदाचा दहावा भाग टिकायचा, हा सेकंदाच्या अब्जांश भागांत, जेमतेम ३ नॅनोसेकंद. हाच ‘एसएलटी’ (सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी), म्हणजे जाळीतल्या निवडक पेशींवरचा लेझर. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली.

करताना डोळा बधिर करून त्यावर आरशाची भिंग ठेवतात. पातेल्यातलं पाणी तापू लागलं की तळाशी जसे बारीक बुडबुडे धरतात, तसे जाळीवर दिसले की शक्ती नेमकी बसली असं डॉक्टर समजतात. काही मिनिटांत काम होतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

तरीही लेझर थेंबांनंतरच, ही सवय सुटायला ब्रिटनमधली ‘लाइट’ चाचणी यावी लागली. ७१८ रुग्णांपैकी निम्म्यांना आधी लेझर, निम्म्यांना आधी थेंब. २०१९ चे निष्कर्ष : लेझरच्या गटात ३ वर्षांनी ७४ टक्के रुग्णांचा दाब थेंबांशिवाय ताब्यात होता. दाबासाठी मोठी शस्त्रक्रिया थेंबांच्या गटात ११ डोळ्यांवर करावी लागली, लेझरच्या गटात एकाही नाही. २०२२ मध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने खुल्या कोनाच्या (जाळीपर्यंतची वाट मोकळी असते त्या) काचबिंदूसाठी एसएलटी हा पहिला उपचार ठरवला.

कोन बंद होणाऱ्या काचबिंदूत करतात तो याग लेझर वेगळा. तिथे बुबुळाच्या पडद्याला आजही भोकच पाडतात.