शिकारी गोळीची रचना

शिकारी रायफलीची गोळी प्राण्याच्या शरीरात शिरल्यावर किती पसरेल, किती खोल जाईल आणि तिचे तुकडे होतील की नाही, हे तिचा गाभा, कवच व टोक यांच्या घडणीवर आणि आघाताच्या वेळच्या वेगावर अवलंबून असते. नेम चुकल्यास कोणतीही घडण उपयोगी पडत नाही. पण नेम अचूक असूनही अयोग्य गोळीमुळे प्राणी जखमी होऊन निसटतो व तासन्‌तास तडफडतो, म्हणून या विषयाकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहता येत नाही.

ठासणीच्या बंदुकीची गोळी निव्वळ शिशाची असे. धूरहीन दारूमुळे वेग वाढला, तेव्हा मऊ शिसे नळीच्या आट्यांत (आतील सर्पिल खाचांत) चिकटू लागले आणि त्यावर तांब्याचे कवच चढवणे भाग पडले. स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन यांनी अशी गोळी त्याआधीच, १८८२ मध्ये, तयार केली होती. मात्र पूर्ण कवचाची गोळी बहुधा न पसरता आरपार जाते व अरुंद जखम करते. कलकत्त्याजवळील डमडम येथे १८९० च्या दशकात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवण्यात आली. शरीरात पसरणाऱ्या गोळ्या १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीत मात्र प्राणी लवकर मरावा म्हणून तोच गुण आवश्यक मानला जातो.

मऊ किंवा पोकळ टोकाची गोळी आघातानंतर भूछत्रासारखी उमलते आणि तिचा व्यास साधारणपणे दीडपट ते दुप्पट होतो. जखम रुंदावते, पण रोध वाढल्याने खोली घटते. सोलापूरच्या माळरानावरचे दोन प्राणी घेतले तर हा पेच स्पष्ट होतो. काळवीट सडपातळ व पातळ कातडीचे असते. अवजड प्राण्यासाठी घडवलेली कठीण गोळी त्यातून उमलण्याआधीच बाहेर पडू शकते. उलट, रानडुकराच्या नराच्या खांद्यावर चिवट जाड थर असतो. पातळ कवचाची वेगवान गोळी तिथेच फुटून फुप्फुसांपर्यंत पोहोचत नाही. दूर अंतरावर वेग मंदावला, तर मऊ गोळीही पुरेशी उमलत नाही.

या पेचावर अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात गोळीच्या मध्यभागी तांबेमिश्रित धातूची आडवी भिंत ठेवून उपाय शोधला: पुढचा भाग उमलतो, मागचा अखंड राहून आत शिरतो. गाभा कवचाला जोडून टाकलेल्या गोळ्या आणि संपूर्ण तांब्याच्या गोळ्या नंतर आल्या. तांब्याची गोळी आपले बहुतेक वजन टिकवते. मात्र तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत असून, पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरालाही सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही.

शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात जखमेपासून बरेच दूरवर विखुरतात आणि मृत जनावर खाणाऱ्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियातील कॉन्डॉर गिधाडांना झालेल्या विषबाधेमुळे तेथे शिकारीत शिशाची गोळी वापरण्यास १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी आहे. सोलापूरच्या माळावर जखमी होऊन मेलेल्या जनावरावर लांडगे, कोल्हे व गावकुत्री येतात. त्यांच्या पोटातही हे कण जाऊ शकतात.